छोट्या स्क्रिप्टने वेब सर्व्हरवर नजर ठेवणे: लॉग वाचावा की सर्व्हरलाच विचारावं?

निशाचर (मंगळवार, २०:४०)

मंडळी, एका जागी अडलोय म्हणून हा धागा.

मध्यम वर्दळीचा एक वेब सर्व्हर माझ्याकडे आहे. अपाची, प्रीफोर्क पद्धतीने (एका वेळी एकच विनंती हाताळणारे वेगवेगळे वर्कर), आत मॉड_पीएचपी (पीएचपी अपाचीच्याच पोटात), मागे डेटाबेस मायएसक्यूएल. त्याच्यावर नजर ठेवायला मी पायथनमध्ये एक छोटी लायब्ररी लिहिली आहे, दोनशे ओळींच्या आतबाहेर. बाहेरचं एकही पॅकेज नाही, पायथनसोबत जे येतं तेवढंच. काम सरळ आहे: अ‍ॅक्सेस लॉगच्या (सर्व्हर विनंत्यांची नोंद करतो त्या फाइलच्या) शेपटाशी बसून राहायचं, नवी ओळ आली की तिचे तुकडे पाडायचे, दर मिनिटाला स्टेटस कोडनुसार मोजदाद करायची, आणि ५०० च्या घरातले, म्हणजे सर्व्हरच्या चुकीचे, कोड शेकडा दोनच्या वर गेले की मेल पाठवायचा. चार महिने चांगलं चाललं. दोनदा तर वापरणाऱ्यांच्या आधी मला कळलं.

परवा मात्र दुपारी साइट नऊ-दहा मिनिटं ठप्प झाली आणि मला कळलं ते लोकांचे फोन यायला लागल्यावर. स्क्रिप्ट चालू होती आणि तिच्या लेखी सगळं आलबेल. ५०० चा एकही कोड नाही.

नंतर लॉग उघडला तर आणखीनच बुचकळ्यात पडलो. १४:०९ नंतर फाइलमध्ये काहीच नाही. मग १४:१८ ला ओळींचा लोंढा. पण त्या लोंढ्यातल्या सुरुवातीच्या ओळींवर वेळ १४:०७, १४:०८ अशी आहे, आणि बहुतेकांचा कोड २००, म्हणजे सगळं ठीक! त्या ओळी १४:०७ च्या असतील तर माझ्या स्क्रिप्टला तेव्हा का दिसल्या नाहीत? फाइल वाचण्यात माझं काही चुकतंय का? की लॉगवर विसंबणंच चूक?

---

पानगळ (मंगळवार, २०:५२)

वाचतेय. आमच्याकडेही असंच एकदा झालं होतं, उत्तर कधी सापडलं नाही.

---

तिसरा डोळा (मंगळवार, २१:१५)

निशाचर, तुमच्या वाचण्यात चूक नाही. अपाची लॉगमध्ये ओळ लिहितो ती विनंतीचं काम पुरं झाल्यावर. त्या ओळीवर वेळ मात्र घालतो विनंती हातात आली तेव्हाची. एरवी या दोन क्षणांत काही मिलिसेकंदांचं अंतर असतं म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. तुमच्याकडे ते अंतर दहा मिनिटांचं झालं. १४:०७ ला आलेली विनंती १४:१८ ला सुटली आणि तेव्हा तिची ओळ पडली.

एनजिनएक्समध्ये (हा दुसरा वेब सर्व्हर) हे उलट आहे, तिथे ओळीवरची वेळ लॉग लिहिण्याच्या क्षणाची. दोन्ही सर्व्हरचे लॉग एकत्र करून वेळेनुसार लावणाऱ्यांनी हे पक्कं डोक्यात ठेवावं.

अ‍ॅक्सेस लॉग म्हणजे संपलेल्या कामांची वही. अडकून पडलेलं काम त्या वहीत नसतंच. तुमची स्क्रिप्ट चुकांची वाट पाहत होती, आणि चूक व्हायला आधी काम संपावं लागतं.

एक करून बघा. लोंढ्यातल्या १४:०९ च्या आधीची वेळ असलेल्या ओळी मोजा आणि तुमच्या मॅक्सरिक्वेस्टवर्कर्सची (एका वेळी जास्तीत जास्त किती वर्कर) किंमत इथे लिहा.

---

निशाचर (मंगळवार, २१:३१)

१५० ओळी. सेटिंगमध्येही १५०. मेमरी पुरावी म्हणून मूळच्या २५६ वरून खाली आणलं होतं.

अंगावर काटा आला. म्हणजे सगळे दीडशे वर्कर एकाच जागी अडकले होते आणि बाकी सगळे बाहेर दारात उभे?

---

तिसरा डोळा (मंगळवार, २१:४४)

तेच. दारात उभे असलेले ऑपरेटिंग सिस्टिमच्या रांगेत असतात, अपाचीने त्यांना अजून हातातही घेतलेलं नसतं. म्हणून लोंढ्यातल्या नंतरच्या ओळींवर १४:१८ आणि पुढची वेळ दिसेल. त्यांच्यातले कितीतरी लोक तोवर कंटाळून निघून गेलेले असतात. अपाची तरीही २०० लिहितो, कारण त्याच्या बाजूने काम पार पडलं. लॉगच्या नमुन्यात '%एक्स' घातलंत तर उत्तर पुरं होण्याआधी कनेक्शन तुटलं का, एवढं तरी दिसेल. एनजिनएक्स अशा वेळी ४९९ लिहितो, ते जास्त सोयीचं आहे.

---

रानवारा (मंगळवार, २२:०३)

पण पीएचपीला वेळेची मर्यादा असते ना? मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम ३० सेकंद. मग दहा मिनिटं कोण अडकून बसेल?

---

सुतारपक्षी (मंगळवार, २२:२०)

रानवारा, विंडोज सोडून बाकी ठिकाणी ती मर्यादा फक्त पीएचपीची स्वतःची धाव मोजते. डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ तीत धरलाच जात नाही. अपाचीचा टाइमआउट आहे तो नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीसाठी. आत बसलेल्या पीएचपीला तो हात लावत नाही. त्यामुळे डेटाबेसने कुलूप लावलं (टेबल इतरांसाठी अडवलं) की वर्कर खुशाल बसून राहतो.

---

मुक्ता (मंगळवार, २२:४८)

मूळ प्रश्नावर येते. लॉगने झालेलं कळतं, पण चालू काय आहे ते सर्व्हरलाच विचारावं लागतं, आणि तो सांगतोही. मॉड_स्टेटस (अपाचीचं स्वतःची स्थिती दाखवणारं पान) चालू करा. त्या पानाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि 'ऑटो' जोडलं की रंगीत पानाऐवजी साध्या मजकुराच्या ओळी येतात: नाव, विसर्गचिन्ह, किंमत. पायथनमध्ये दहा ओळींत डिक्शनरी तयार.

सगळ्यात मोलाची ओळ स्कोअरबोर्ड. प्रत्येक वर्करसाठी एक अक्षर. अंडरस्कोर म्हणजे मोकळा, वाट पाहतोय. 'आर' म्हणजे विनंती वाचतोय. 'डब्ल्यू' म्हणजे उत्तराच्या कामात आहे. 'के' म्हणजे उत्तर देऊन झालं, पण तोच पाहुणा आणखी काही मागेल म्हणून कनेक्शन धरून बसलाय. टिंब म्हणजे रिकामी जागा, तिथे अजून वर्करच नाही.

मी ही ओळ दर दहा सेकंदांनी एका फाइलीत टाकते, आधी वेळ आणि पुढे पट्टी. ती फाइल वरून खाली सरकवत गेलं की सर्व्हरचा श्वास दिसतो. नेहमीच्या दिवशी अंडरस्कोरच्या पट्ट्यात इथेतिथे डब्ल्यू उगवतात आणि पुढच्या ओळीत जागा बदलतात. अडकलेला डब्ल्यू जागा सोडत नाही. ओळीखाली ओळ, त्याच स्तंभात, त्याच जागी. मग शेजारी दुसरा, मग तिसरा. एकदा पाहिलं की ते रूप विसरत नाही. मी 'सलग सहा ओळींत एकाच जागी डब्ल्यू' असा नियम लिहिला आहे आणि त्याने मला दोनदा वाचवलंय.

---

पानगळ (मंगळवार, २२:५५)

मुक्ताताई, हा प्रतिसाद साठवून ठेवला. 'श्वास' अगदी पटलं.

---

चकवा (मंगळवार, २३:१०)

थोडा विरोधी सूर लावतो. हे सगळं करून झालेलं आहे. प्रोमिथियस ही देखरेखीची यंत्रणा २०१२ पासून आहे, अपाची आणि एनजिनएक्ससाठी तयार एक्सपोर्टर (सर्व्हरचे आकडे तिला पुरवणारे प्रोग्रॅम) मिळतात, आलेख, अलर्ट, जुनी माहिती साठवणं, सगळं आयतं. त्याही आधी आरआरडीटूल होतं, १९९९ पासून, आणि त्याच लेखकाचं एमआरटीजी १९९५ पासून. मळलेली वाट सोडून प्रत्येकाने आपापली पाऊलवाट काढायची, मग त्या वाटेतले सगळे खड्डे स्वतःच्या पायांनी मोजायचे, यात फायदा काय? दोनशे ओळींच्या हजार कधी होतात कळत नाही. आणि ज्याने लिहिलं तो गेला की मागच्याला ती उलगडत बसावी लागते. माझ्या आधीच्या नोकरीत मी तो मागचा माणूस होतो, म्हणून तळमळीने सांगतोय.

---

सुतारपक्षी (मंगळवार, २३:३६)

चकवा, तुमचं दुखणं खरं आहे. पाच-दहा सर्व्हर असतील तर मी स्वतः प्रोमिथियसच सुचवेन. पण एक्सपोर्टर तरी काय करतो? हेच मॉड_स्टेटसचं पान वाचतो. निशाचरने प्रोमिथियस बसवून फक्त ५०० च्या कोडवर अलर्ट ठेवला असता तर परवा तोही गप्पच बसला असता. काय मोजायचं हे ठरवणं हे खरं काम, आणि ते कोणतीही यंत्रणा आपल्यासाठी करत नाही. लहान लायब्ररी लिहिताना एकेका ओळीचा अर्थ विचारावा लागतो. निशाचरने आज जे विचारलं ते त्यातूनच आलं ना?

आता मुक्ताच्या सांगण्यात एक भर, आणि ती कळीची आहे. स्टेटसचं पान दाखवायलाही एक वर्कर लागतो. दीडशेच्या दीडशे अडकले तर ते पानही दारातल्या रांगेतच उभं राहणार. म्हणजे ज्या क्षणी त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच क्षणी ते उत्तर देणार नाही. स्क्रिप्टने 'उत्तर नाही आलं, हे मिनिट सोडून देऊ' असं केलं तर पुन्हा तोच घोटाळा. उत्तर न येणं हेच सगळ्यात वाईट मोजमाप, असं धरायचं.

एनजिनएक्सच्या स्टब_स्टेटसला (त्याचं स्थितीचं पान) ही अडचण सहसा येत नाही. तिथे एकच वर्कर हजारो कनेक्शन सांभाळतो आणि मागचं अ‍ॅप्लिकेशन अडलं म्हणून तो स्वतः अडून बसत नाही. पण तिथे माहितीही जुजबीच: चालू कनेक्शन, आतापर्यंत स्वीकारलेली, हाताळलेली, एकूण विनंत्या, आणि वाचन-लेखन-प्रतीक्षा असे तीन आकडे.

---

मुक्ता (मंगळवार, २३:४१)

सुतारपक्षी, बरोबर. माझ्याकडे तोवर वेळ आली नाही कारण सहा ओळींचा नियम आधीच ओरडतो. पण टाइमआउटची बाजू आजच तपासते.

---

चकवा (मंगळवार, २३:५०)

'काय मोजायचं' हा मुद्दा मान्य. बाकी माझं मत कायम, पण लिहाच तर निदान वर एक पान खुलासा लिहून ठेवा. मागून येणारा दुवा देईल.

---

ओंजळ (बुधवार, ०७:२०)

लॉग वाचणाऱ्यांसाठी, अनुभवातून. लॉग रोज रात्री फिरवला जातो. जुन्या फाइलचं नाव बदलतं आणि नवी फाइल तयार होते. तुमच्या स्क्रिप्टने उघडलेली फाइल मात्र जुनीच राहते. नाव बदललं तरी आतली फाइल तीच. स्क्रिप्ट बिचारी त्या मेलेल्या फाइलच्या शेपटाशी बसून राहते, ना चूक ना तक्रार. माझी तीन आठवडे बसली होती. 'किती शांत चाललंय' असं मी सगळ्यांना सांगत होतो.

टेल कमांडमध्ये छोटा एफ आणि मोठा एफ यांत हाच फरक आहे. छोटा फाइलला धरून राहतो, मोठा नावाला. आपल्या स्क्रिप्टमध्ये दर काही सेकंदांनी त्या नावाच्या फाइलचा आयनोड क्रमांक (नाव बदललं तरी न बदलणारी फाइलची ओळख) विचारायचा. बदलला असेल तर आधी जुनी फाइल तळापर्यंत वाचून घ्यायची आणि मगच नवी उघडायची. घाई करू नका, कारण ग्रेसफुल रीस्टार्टनंतर जुने वर्कर हातातलं काम संपेपर्यंत जुन्याच फाइलीत लिहितात. लॉग फिरवणाऱ्या लॉगरोटेटमध्ये डिलेकॉम्प्रेस (जुनी फाइल लगेच न दाबता पुढच्या फेरीला दाबणं) आहे ते याचसाठी.

कॉपीट्रंकेट (फाइलची नक्कल करून मूळ फाइल छाटणं) वापरत असाल तर आयनोड बदलत नाही, फाइल एकदम शून्यावर येते. तेव्हा आकार आपल्या जागेपेक्षा लहान झाला का ते बघायचं. त्यात नक्कल आणि छाटणी यांच्या मधल्या काही ओळी हरवू शकतात, हे गृहीत धरा.

आणि शेवटची ओळ अर्धवट मिळू शकते. ओळ तोडणारं चिन्ह येईपर्यंत तो तुकडा बाजूला ठेवा, पुढच्या वाचनाला जोडा.

---

निशाचर (बुधवार, ०८:०५)

ओंजळ, आयनोडचं माझ्याकडे आहे, पण मी जुनी फाइल तळापर्यंत न वाचताच सोडत होतो. रोज मध्यरात्री थोड्या ओळी गळत होत्या तर. आज दुरुस्त करतो.

---

रानवारा (बुधवार, ०९:३०)

अवांतर: तुम्ही सगळे ओळीचे तुकडे रेगेक्सने (मजकुराचा साचा जुळवून) पाडता का? माझं रेगेक्स एका यूजर एजंटवर (ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो तो मजकूर) अडकलं, त्याच्या नावातच अवतरणचिन्ह होतं.

---

तिसरा डोळा (बुधवार, ०९:५२)

अपाची त्या चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ घालतो, एनजिनएक्स त्याचा सोळा-आधारी क्रमांक लिहितो. 'अवतरणचिन्ह सोडून काहीही' असं रेगेक्स न लिहिता 'तिरपी रेघ आणि पुढचं एक अक्षर, किंवा या दोन्हींशिवाय काहीही' असं लिहा. एनजिनएक्स असेल तर सरळ जेसन नमुन्यात लॉग लिहा, १.११.८ पासून त्यासाठी वेगळी सोय आहे. रेगेक्सची कटकटच संपते.

आणि जी ओळ जुळली नाही ती गुपचूप टाकून देऊ नका. तिचाही आकडा ठेवा. न जुळणाऱ्या ओळी अचानक वाढल्या तर ती स्वतंत्र बातमी असते: कुणीतरी लॉगचा नमुना बदललाय, किंवा कुणीतरी दारं ठोठावून बघतंय.

---

पानगळ (बुधवार, १०:४०)

एक सावधगिरीची सूचना. मॉड_स्टेटस चालू करताना 'फक्त याच मशीनवरून' अशी अट घालतात. पण त्याच मशीनवर पुढे एखादी प्रॉक्सी (विनंत्या आत पोहोचवणारा मध्यस्थ) बसवली असेल तर जगभरची प्रत्येक विनंती अपाचीला १२७.०.०.१ वरूनच, म्हणजे त्याच मशीनवरून, आलेली दिसते. अट पाळली जाते आणि पान सगळ्यांना उघडं पडतं! त्या पानावर वापरणाऱ्यांचे आयपी आणि ते मागत असलेले पत्ते दिसतात. आमच्याकडे हे बाहेरच्या एका भल्या माणसाने कळवलं तेव्हा समजलं. स्टेटससाठी वेगळा पोर्ट ठेवा, प्रॉक्सीच्या वाटेवर नसलेला. आणि चालू केल्यावर बाहेरच्या मशीनवरून स्वतः उघडून बघा. मी आता दर वेळी बघते.

---

रानवारा (बुधवार, ११:१५)

वेळेबद्दल कुणी बोललं नाही. कॉमन काय, कंबाइंड काय, लॉगच्या या दोन्ही ठरलेल्या नमुन्यांत विनंतीला किती वेळ लागला हे नसतंच. अपाचीत '%डी' घाला, तो मायक्रोसेकंद देतो. एनजिनएक्समध्ये रिक्वेस्ट_टाइम, तो सेकंदांत, दशांश चिन्हापुढे तीन अंक. एकाच स्क्रिप्टने दोन्ही वाचत असाल तर एकक आधी सारखं करून घ्या.

आणि सरासरी काढू नका हो. शंभर विनंत्यांतल्या नव्वद ४० मिलिसेकंदांत गेल्या आणि दहांना ८ सेकंद लागले, तर सरासरी येते ०.८४ सेकंद. एवढा वेळ शंभरातल्या एकालाही लागलेला नाही. पन्नासावा पर्सेंटाइल (शेकडा पन्नास विनंत्या ज्याच्या आत सुटल्या तो वेळ) ४० मिलिसेकंद, पंचाण्णवावा ८ सेकंद, हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र लख्ख दिसतं. मात्र मिनिटामिनिटाचे पंचाण्णवावे घेऊन त्यांची सरासरी काढली तर येणारा आकडा तासाचा पंचाण्णवावा नसतो. त्यापेक्षा टप्पे पाडून मोजा: ५० मिलिसेकंदांच्या आत किती, २०० च्या आत किती, १ सेकंदाच्या आत किती, पुढे किती. हे आकडे बिनधास्त बेरजेत घेता येतात.

---

ओंजळ (बुधवार, ११:२२)

हे शाळेत असं शिकवलं असतं तर! सुंदर.

---

चकवा (बुधवार, १३:०५)

अलर्टबद्दल. दर मिनिटाला मेल पाठवणारी स्क्रिप्ट दुसऱ्या आठवड्यात कुणी वाचत नाही. लांडगा आला रे आला होतं. सलग तीन मिनिटं अट खरी ठरली तर एक मेल, सगळं पूर्ववत झालं की एक मेल, मधे काही नाही. आणि स्क्रिप्ट त्याच सर्व्हरवर असेल तर सर्व्हर गेला की तीही गेली. दुसऱ्या मशीनवर एवढंच ठेवा: पाच मिनिटांत स्क्रिप्टकडून 'मी आहे' आलं नाही तर ओरड.

---

सुतारपक्षी (बुधवार, १३:४०)

चकवा, आता तुम्हीही पाऊलवाटेवर आलात, मनापासून आनंद झाला. त्याच दुसऱ्या मशीनवरून दर मिनिटाला एक खरी विनंतीही करा, डेटाबेसपर्यंत जाणाऱ्या पानाची. रात्री वर्दळ कमी असली की 'लॉग गप्प आहे' याचा अर्थ लावता येत नाही, आपलीच विनंती असेल तर लावता येतो.

फक्त एक लक्षात घ्या. पायथनच्या यूआरएललिबला (वेब विनंती करणारी लायब्ररी) दिलेला टाइमआउट एकूण वेळेचा नसतो, दर वेळच्या वाट पाहण्याचा असतो. सर्व्हर थेंबथेंब उत्तर देत राहिला तर पाच सेकंदांचा टाइमआउट देऊनही तुम्ही मिनिटभर बसाल. एकूण वेळ वेगळा मोजा.

---

निशाचर (गुरुवार, २२:१०)

दोन संध्याकाळी बसून हे केलं. सांगायलाच हवं.

चाचणीच्या मशीनवर वर्करची मर्यादा १० ठेवली आणि एक टेबल मुद्दाम कुलूपबंद केलं. मग एकेक विनंती सोडत गेलो, मुक्ताने सांगितलं तशी पट्टी दर दहा सेकंदांनी लिहीत. पहिल्या ओळीत दोन डब्ल्यू: एक अडकलेला, दुसरा माझ्या स्टेटसच्या विनंतीचा स्वतःचा (हा एक कायम वजा करायचा, आधी ध्यानातच आलं नाही). मग तीन, पाच, आठ. डावीकडून भरत गेले आणि जागचे हलले नाहीत. दहाव्या विनंतीनंतर पट्टी आलीच नाही, टाइमआउट. त्याच वेळी शेजारच्या खिडकीत लॉग उघडा होता, तो पूर्ण शांत. कुलूप काढलं आणि एका क्षणात दहा ओळी पडल्या, सगळ्या २००, वेळ मागची. परवाचं सगळं डोळ्यांसमोर पुन्हा घडताना पाहिलं.

लायब्ररीत आता दोन भाग आहेत. एक लॉग वाचतो: कोड, टप्पे, न जुळलेल्या ओळी. दुसरा सर्व्हरला विचारतो: मोकळे वर्कर, जागेवर खिळलेले डब्ल्यू, आणि उत्तर न येणं हा सगळ्यात वरचा इशारा. एकूण विनंत्यांचा आकडा रीस्टार्टला शून्यावर जातो आणि माझा वेग उणे आला, म्हणून अपटाइम (सर्व्हर सुरू झाल्यापासूनचा वेळ) मागच्यापेक्षा कमी दिसला तर ती वजाबाकी सोडून देतो. दोनशे ओळींच्या दोनशे ऐंशी झाल्या. चकवा, वरती एक पान खुलासा लिहिलाय.

---

चकवा (गुरुवार, २२:२५)

वाचून बरं वाटलं. इथेही टाका तो खुलासा.

---

मुक्ता (गुरुवार, २२:३०)

आणि परवा कुलूप कशाने लागलं होतं, ते सापडलं का?

---

निशाचर (गुरुवार, २२:५८)

सापडलं. एका मोठ्या टेबलात नवा रकाना वाढवायचा आदेश मीच १४:०७ ला दिला होता. त्याच टेबलावर एक लांबलचक अहवाल आधीपासून चालू होता. माझा आदेश तो अहवाल संपायची वाट बघत थांबला, आणि त्या टेबलाला हात लावू पाहणारी प्रत्येक विनंती माझ्या आदेशामागे रांगेत लागली. १४:१८ ला अहवाल संपला आणि गाठ सुटली. आता असा आदेश देण्याआधी लॉक_वेट_टाइमआउट (कुलपासाठी किती वेळ थांबायचं ती मर्यादा) पाच सेकंदांवर आणतो. जागा मिळाली नाही तर आदेश स्वतःच माघार घेतो. मूळ किंमत एक वर्ष आहे, ३,१५,३६,००० सेकंद.

---

पानगळ (गुरुवार, २३:०४)

एक वर्ष! आमच्या त्या न सुटलेल्या दुपारीही कुणीतरी टेबल बदलत होतं. उद्या सकाळी जुना लॉग काढते आणि १४:०९ सारखी शांतता कुठे आहे ते बघते.